माइनक्राफ्टची विकी दोन ठिकाणी का दिसते, त्यामागची पार्श्वभूमी

माइनक्राफ्ट या गेमच्या विकीत, म्हणजे खेळणाऱ्यांनीच लिहिलेल्या माहितीकोशात, काही सुधारायचं म्हणून जो कोणी नवीन येतो तो आधी इथेच अडकतो. सर्च केलं की दोन विकी निघतात, रंगरूप वेगळं पण मजकूर पुष्कळ ठिकाणी ओळीला ओळ सारखा, आणि 'एडिट'चं बटण दोन्हीकडे. मग खरी कुठली? ज्यांनी ही विकी वर्षानुवर्षं लिहिली त्यांच्यातले बहुतेक जण २४ सप्टेंबर २०२३ पासून माइनक्राफ्ट डॉट विकी या पत्त्यावर काम करतायत, फॅन्डम या फुकट विकी देणाऱ्या साइटवर आहे ती मागे राहिलेली प्रत. एवढं कळलं तरी काम भागतं खरं, पण हे असं का झालं ते माहीत नसलं की लोक मागच्या प्रतीत तासन्‌तास घालवतात आणि मग वैतागून सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीचा काळ पटकन सांगतो. गेम मे २००९ मध्ये लोकांना खेळायला मिळाला आणि विकी त्याच वर्षी जुलैत सुरू झाली. तेव्हा गेम स्वतःहून काहीच सांगायचा नाही. संगणकावरच्या जावा एडिशनमध्ये रेसिपी बुक, म्हणजे कुठली वस्तू कशी बनते ते दाखवणारं पुस्तक, आलं ते थेट १.१२ ला, जून २०१७ मध्ये, म्हणजे त्याआधीची जवळपास आठ वर्षं पिकॅक्सला वरच्या ओळीत तीन दगड आणि मधे खाली दोन काड्या लागतात हे एकतर मित्राने सांगायचं नाहीतर विकीवर बघायचं. एका विंडोत गेम आणि दुसऱ्या विंडोत विकी अशीच सवय झालेली सगळ्यांना. पुढे ती विकी एका गेमिंग नेटवर्कच्या सर्व्हरवर गेली, त्याच नेटवर्कने २०१२ मध्ये गेमपीडिया नावाने फक्त गेमच्या विकींसाठी जागा उघडली आणि बरीच वर्षं कुणाला होस्टिंगचा विचार करायची वेळही आली नाही.

दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट चालली होती. २००४ मध्ये विकिसिटीज म्हणून एक साइट निघाली, ती २००६ मध्ये विकिया झाली आणि २०१६ मध्ये तिने फॅन्डम हे नाव घेतलं. कुणीही यावं, फुकटात विकी उघडावी, खर्च जाहिरातींतून निघावा, असा तो मामला. यात वाईट काहीच नाही, खरं तर शेकडो छोट्या गेमच्या विकी यामुळेच जन्माला आल्या, सर्व्हरचे पैसे भरणं कॉलेजातल्या पोरांना कुठे जमणार होतं. पण २०१० मध्ये तिथे पानांची नवीन मांडणी, म्हणजे स्किन, सगळ्यांवर लादली गेली, मजकुराची जागा आवळली गेली, बाजूला भलतंच काय काय आलं, आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची वॉवविकी लिहिणाऱ्यांनी ठरवलं की बस झालं. ते निघाले आणि त्यांनी वॉवपीडिया उघडली, कुठे, तर माइनक्राफ्टची विकी ज्या नेटवर्ककडे गेली त्याच नेटवर्ककडे. डिसेंबर २०१८ मध्ये त्या नेटवर्कचं गेमपीडिया हे विकींचं अख्खं दालन फॅन्डमनेच विकत घेतलं. म्हणजे आठ वर्षांपूर्वी जिथून निघाले त्याच मालकाच्या दारात वॉवपीडियावाले परत, आणि तेही स्वतः काही न करता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते दुसऱ्यांदा निघाले, आता ती वॉरक्राफ्ट विकी म्हणून वेगळ्या होस्टकडे आहे. हे सांगायचं कारण की त्या विक्रीत माइनक्राफ्टची विकीही आपोआप गेली, कुणी मत विचारलं नव्हतं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा पत्ता गेमपीडियावरून बदलून फॅन्डमचा झाला.

पण खरा रस्ता दाखवला तो रूनस्केप या ऑनलाइन गेमच्या विकीवाल्यांनी, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात हीच सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. त्यांची विकी २००५ पासूनची, विकिसिटीजच्या दिवसांतली. २ ऑक्टोबर २०१८ ला त्यांनी सगळं उचललं आणि स्वतःच्या डोमेनवर नेलं, गेम बनवणाऱ्या कंपनीशी बोलणी करून, आणि होस्टिंग सांभाळायला संपादकांनीच स्वतःची छोटी कंपनी काढली. नंतर ओल्ड स्कूल रूनस्केप या त्याच गेमच्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत मिनिमॅपखाली विकीचं बटणच आलं, ते दाबून कशावरही क्लिक करा, पान उघडतं. ज्यांनी हे बघितलं त्यांना पहिल्यांदा पटलं की मोठी विकी बाहेर पडून नुसती जगत नाही तर चांगली होते. पाच वर्षांनी माइनक्राफ्टवाल्यांनी सर्व्हरसाठी ज्यांचा हात धरला ते हेच रूनस्केपचे लोक.

आता येतो 'फोर्क', म्हणजे मूळ तिथेच ठेवून प्रत वेगळी चालवणं, हा शब्द, ज्याच्यावरून आजही भांडणं होतात आणि ज्याच्यामुळे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो.

आपल्याकडे बोलताना लोक म्हणतात विकी 'शिफ्ट झाली' किंवा 'हलवली'. बिऱ्हाड हलवलं की जुनी खोली रिकामी होते, पोस्टमनला नवीन पत्ता सांगतात, दारावरची पाटी काढून नेतात. इथे तसं झालेलं नाहीये. इथे झालंय ते वेगळी चूल मांडण्यासारखं, आणि तेही असं की धान्य, भांडी, मसाल्याचे डबे सगळ्याची हुबेहूब दुसरी जोडी निघाली, कारण मजकुराचं लायसन्सच तसं आहे, कुणीही प्रत घ्यावी, लिहिणाऱ्यांचं श्रेय ठेवावं. फॅन्डमची भूमिका पहिल्यापासून हीच राहिली की संपादकांना जायचं तर जाऊ दे, मजकुराची प्रत न्यायची तर नेऊ दे, पण इथली विकी इथेच राहील, ज्याला लिहायचं त्याच्यासाठी. जुनी विकी बंद करायची नाही, तिथून नवीन पत्त्याकडे रीडायरेक्ट लावायचा नाही, निघतोय अशी सूचना लावली तर ती काही दिवसांपुरती. म्हणून त्यांच्या तोंडी 'फोर्क'. आणि निघालेल्यांच्या तोंडी 'मूव्ह', कारण त्यांचं म्हणणं विकी म्हणजे काय सर्व्हरवरची फाइल आहे का, विकी म्हणजे ती रोज राखणारी माणसं, ती जिथे गेली तिथे विकी गेली.

कायद्याच्या भाषेत पहिलं, म्हणजे फॅन्डमचं, बरोबर आहे, मान्य. डोमेन त्यांचं, सर्व्हर त्यांचे, आणि इतकी वर्षं बिल त्यांनी भरलं हेही खरं. शिवाय जुन्या पत्त्यावर अजूनही प्रामाणिकपणे लिहिणारे लोक आहेत, त्यांच्या तोंडावर दार लावणं बरोबर नव्हतं असंही कुणी म्हणू शकतं. पण वाचकाच्या बाजूने बघा. दहा वर्षांचा शाळकरी पोरगा हिरे कुठे मिळतात म्हणून सर्च करतो, त्याला फोर्क आणि मूव्ह यातला फरक कुठून कळणार, त्याला पहिली लिंक दिसते आणि जुन्या डोमेनकडे वर्षानुवर्षं साठलेल्या लिंका आहेत. हा फरक शब्दाचाच आहे पण त्याची किंमत वाचक भरतो, आणि मला यात संपादकांचंच म्हणणं जास्त पटतं.

नेताना काय काय नेता येतं हेही 'फोर्क'मध्येच येतं. लेख आणि प्रत्येक लेखाचा पूर्ण बदलांचा इतिहास डंप म्हणून, म्हणजे एका गठ्ठ्यात, निघतो, तो न्यावाच लागतो कारण श्रेय त्यातच असतं. चित्रं वेगळी उतरवावी लागतात. खाती मात्र येत नाहीत, पासवर्ड डंपमध्ये नसतो, तो असूही नये. म्हणजे २०१२ पासून लिहिणाऱ्या माणसाचं नाव इतिहासात दिसतं पण तो नवीन घरी स्वतःच्याच नावाने लॉगिन करू शकत नाही जोपर्यंत ते नाव आपलंच आहे हे सिद्ध करून परत मागून घेत नाही. जे मधल्या काळात गेम सोडून गेले त्यांची नावं तशीच पडून आहेत. त्यामुळे जुन्या सहीखाली कुणी उत्तर देत नसेल तर राग मानू नका.

२०२३ मध्येच ठिणगी का पडली याचं एकच एक कारण नाही. पानाच्या वर आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, मोबाइलवर मजकुराआधी दोन-तीन जाहिराती, आणि आपल्याकडे बहुतेक पोरं हा गेम फोनवरच खेळतात, डेटा पॅक जपून वापरतात, तिथे हे फारच टोचतं. त्याच वर्षी मॅकडोनाल्ड्सच्या विकीवरचं ग्रिमेस या पात्राचं पान जाहिरातीसाठी बदललं गेलं, संपादकांनी लिहिलेलं बाजूला पडलं, आणि त्याच वर्षी काही विकींवर मशीनने बनवलेली प्रश्नोत्तरं दिसायला लागली ज्यांत चुका होत्या. माइनक्राफ्टच्या पानांशी याचा थेट संबंध नसेलही, पण आपण राखलेल्या पानावर आपला शब्द शेवटचा नाही हे सगळ्याच विकींच्या लोकांना एकदम दिसलं. चर्चा झाली, निर्णय झाला, सप्टेंबरात निघाले. पुढच्या वर्षी लीग ऑफ लेजेंड्सची विकीही निघाली, आणि तिला तर गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच्याच डोमेनखाली जागा दिली.

लायसन्सचं अजून एक आहे जे मराठीत लिहिणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावं. माइनक्राफ्ट विकीला सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय-एनसी-एसए ३.० हे लायसन्स आहे, यातलं एनसी म्हणजे व्यापारी वापर नको. आता लिहिणारे हजारो, त्यातले कित्येक संपर्काबाहेर, सगळ्यांची परवानगी घेतल्याशिवाय ते बदलता येत नाही, म्हणून नवीन घरातही तेच लागू आहे. विकिपीडियाच्या लायसन्समध्ये व्यापारी वापराला मोकळीक आहे. याचा सरळ अर्थ माइनक्राफ्ट विकीवरचा परिच्छेद भाषांतर करून मराठी विकिपीडियावर टाकता येत नाही, भाषांतर केलं तरी तो मूळ मजकुराचाच अवतार. माहिती घ्या, वाक्यं स्वतःची लिहा. हे न कळल्यामुळे चांगल्या मनाने केलेलं काम उडवावं लागतं आणि तेव्हा फार वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष सुधारणेकडे. दोन प्रती झाल्यामुळे शिळी माहिती दुप्पट झालीये. सगळ्यात ठळक उदाहरण हिऱ्यांचं. वर्षानुवर्षं सगळ्यांना पाठ होतं, वाय ११ वर, म्हणजे तळापासून मोजलेल्या अकराव्या उंचीवर, खणा, कारण हिरे १६ च्या खाली यायचे आणि १० व्या थराला लाव्हा लागायचा. मग ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ आलं, जगाचा तळ शून्यावरून उणे ६४ वर गेला आणि जितकं खाली जाल तितके हिरे वाढत जातात असं झालं, आता लोक उणे ५९ च्या आसपास खणतात. हिऱ्याचं मुख्य पान केव्हाच दुरुस्त झालं, पण असा आकडा एका पानावर थोडाच असतो, तो खाणकामाच्या पानावर असतो, नवशिक्यांच्या पानावर असतो, कुठेतरी चित्राखालच्या ओळीत असतो. एक पान नीट करून थांबू नका, 'या पानाला जोडलेली पानं' बघा आणि तिथपर्यंत जा.

दुसरा जुना गुंता एडिशनचा. पूर्वी लिहिणारे बहुतेक जावावाले होते, त्यांनी 'पिस्टन (दुसरे ब्लॉक ढकलणारा ब्लॉक) असा चालतो' एवढंच लिहून ठेवलं. फोनवरची बेडरॉक एडिशन खेळणारा ते वाचून रेडस्टोनची, म्हणजे गेममधल्या विजेसारख्या पदार्थावर चालणारी, मशीन बांधतो आणि ती चालत नाही, कारण पिस्टनला वरच्या ब्लॉकमधून लांबूनच पॉवर मिळण्याचा तो विचित्र गुण, क्वासी-कनेक्टिव्हिटी, फक्त जावात आहे. विकीवर 'फक्त जावा' आणि 'फक्त बेडरॉक' अशा खुणा लावायची सोय आहे, पण ती लावायला दोन्ही खेळून बघणारा माणूस लागतो, आणि इथे आपल्याकडची फोनवर खेळणारी पोरं खरंच कामाची आहेत. तिकडच्या संपादकाकडे भारी संगणक असेल, पण बेडरॉकमध्ये तीच मशीन बांधून बघायला त्याला वेळ नसतो. तुम्ही बांधून बघितली, चालली नाही, तर चर्चा पानावर व्हर्जनच्या आकड्यासकट दोन ओळी टाका, मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाकल्या तरी कुणी हसत नाही.

आणि जुन्या लिंका. यूट्यूबच्या व्हिडिओंखाली, शाळेच्या ग्रुपमध्ये, कुठल्या तरी पीडीएफमध्ये अजून गेमपीडियाचे पत्ते आहेत, ते दाबले की फॅन्डमची प्रत उघडते. आपल्या हातातल्या तेवढ्या तरी बदलून घ्या, पानाचं नाव बहुतेक वेळा तेच असतं, पुढचा पत्ता फक्त बदलायचा.