जवळचा नंबर वाढला आहे? नव्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याविषयी थोडं

नवा चष्मा डोळ्यांवर चढवून निघालेले ग्राहक पहिल्यांदा अडखळतात ते बहुधा आमच्या दुकानाच्याच पायरीवर. म्हणून चष्म्याच्या डबीत हे पत्रक ठेवत आहोत. पहिला आठवडाभर ते हाताशी असू द्या.

चाळिशी लागल्यावर जवळच्या वाचनासाठी जो जादा नंबर द्यावा लागतो त्याला ॲड म्हणतात. तुमचा ॲड वाढला आहे. समजा पावणेदोनचा अडीच झाला. प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचा नंबर असतो, खाली जवळचा, आणि मधल्या साधारण दीड सेंटिमीटरच्या उतारात एक नंबर हळूहळू दुसऱ्यात मिसळत जातो. तेवढ्याच उतारात आता जास्त चढ बसवावा लागला आहे. त्यामुळे मधली स्वच्छ वाट अरुंद होते आणि दोन्ही कडांना चित्र जास्त वाकतं. मान फिरवली की जमीन झुलल्यासारखी वाटते ती यामुळेच. महागड्या काचेत हा वाकडेपणा अधिक चांगल्या रीतीने पसरवलेला असतो, पण पूर्ण जात नाही. जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरा बदल हाताच्या अंतराचा. डोळ्याची स्वतःची ताकद उरली नसेल, तर पावणेदोनच्या ॲडने अक्षरं साधारण ५७ सेंटिमीटरवर नीट दिसतात, अडीचच्या ॲडने ४० वर. तुमच्या हाताला जुनी सवय आहे, पेपर लांब धरायची. आता तो जवळ आणा. ‘नव्या चष्म्यातून वाचताच येत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी जणांचा प्रश्न एवढ्यानेच सुटला आहे.

पायऱ्या उतरताना हनुवटी छातीकडे घ्या आणि काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहा. खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी आहे, पायरी त्याच्या कितीतरी पलीकडे असते. एसटीतून उतरताना कठडा धरा. दुचाकी किंवा गाडी पहिले काही दिवस चालवूच नका, आणि चालवायला लागल्यावर आरशाकडे फक्त बुबुळ वळवू नका, मान वळवा. पलंगावर आडवं होऊन टीव्ही पाहिला तर तो अंधुक दिसणारच, कारण तेव्हा नजर खालच्या भागातून जाते.

सकाळी उठल्या उठल्या हाच चष्मा घाला आणि दिवसभर ठेवा. थोडा वेळ नवा, कंटाळा आला की जुना, असं केलं तर डोळे आणि मेंदू दोन्हीकडे ओढले जातात आणि सवय लांबते. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत कडांची जाणीव कमी होते.

मात्र प्रत्येक त्रास सवयीचा नसतो. काही वेळा चूक मापात असते, आणि ती शोधायला तुमचीच मदत लागते. आरशासमोर बसा, चष्मा नीट बसवा आणि या गोष्टी पाहा. समोरचं लांबचं स्वच्छ दिसण्यासाठी हनुवटी खाली घ्यावी लागते का? तर काच वर बसली आहे. वाचण्यासाठी हनुवटी उंचावावी लागते, किंवा चष्मा बोटाने वर उचलला की अक्षरं उजळतात? मग काच खाली बसली आहे, किंवा फ्रेम नाकावरून घसरते आहे. दोन मिलिमीटरचा फरकही जाणवतो. पान थोडं डाव्या-उजव्या बाजूला सरकवल्याशिवाय नीट दिसत नसेल, तर बुबुळांमधलं अंतर पुन्हा मोजायला हवं. नोजपॅड, काड्या आणि फ्रेमचा कल दुकानातच दहा मिनिटांत नीट होतो. काच चुकीच्या उंचीवर बसली असेल, तर ती बदलणं आमचं काम आहे, संकोच करू नका.

काचेवर श्वासाची वाफ सोडून उजेडाकडे धरा. दोन बारीक खुणा दिसतील. त्यांतल्या कानाकडच्या खुणेखाली बहुतेक काचांवर ॲड कोरलेला असतो, २५ म्हणजे अडीच. तो डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहा.

दिवसाचे सहा-आठ तास संगणकावर जात असतील, तर या चष्म्यावर सगळा भार टाकू नका. पडद्याच्या अंतराचा भाग ॲड वाढल्यावर फारच चिंचोळा होतो आणि मान अवघडते. वेगळा कामाचा चष्मा घेणं बरं. मधुमेह असणाऱ्यांनी, साखर वरखाली होत असताना काढलेल्या नंबरावर चष्मा करून घेऊ नये. साखर स्थिरावली की नंबर बदलू शकतो.

अचानक दोन-दोन दिसणं, प्रकाशाचे लखलखाट, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटणं किंवा डोळा दुखून लाल होणं, हे सवयीचे त्रास नाहीत. त्यासाठी आमच्याकडे न येता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

दोन आठवड्यांनी काही खटकत असेल तर या. येताना जुना चष्मा, नंबराचा कागद आणि तुम्ही रोज वाचता ते पुस्तक किंवा पोथी घेऊन या. ज्या अंतरावर, ज्या उजेडात तुम्ही खरोखर वाचता, तिथेच आम्हाला ते तपासायचं आहे.