संत्र्याच्या रसातले कार्बन डॉट: उजेड नेमका कशाचा?

फॉस्फर, म्हणजे ऊर्जा शोषून उजेड देणारा पदार्थ, हा नागपूरच्या पदार्थविज्ञानातला जुना विषय. ट्यूबलाइटच्या आतला लेप, किरणोत्सर्गाचा डोस मोजणारी कॅल्शियम सल्फेटची पूड, यांवर इथे किती पीएचडी झाल्या असतील! पण ते कण मायक्रॉनमधले, पेशीत शिरायला फार मोठे.

नॅनो आकाराचे चमकणारे अर्धवाहक कण, म्हणजे क्वांटम डॉट, १९८०च्या दशकात आधी काचेत, मग द्रावणात दिसले. १९९३ पासून ते एकसारख्या मापाचे बनू लागले, १९९८ मध्ये पेशी उजळवायला वापरले गेले आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अडचण त्यांतल्या अनेकांत असलेल्या कॅडमियम या विषारी धातूची. शरीरात असं काही सोडायला कोण तयार होईल?

म्हणून कार्बन डॉटकडे, म्हणजे कार्बनच्या नॅनोकणांकडे, ओढा वाढला. २००४ मध्ये काजळीतल्या नॅनोट्यूब शुद्ध करताना हे चमकणारे कण अनपेक्षितपणे हाती लागले. २०१२ मध्ये पूर्व भारतातल्या एका गटाने संत्र्याचा रस बंद भांड्यात १२० अंशांवर तापवून ते बनवले आणि त्यांनी पेशींची चित्रंही घेतली. (हे आधी नागपूरला सुचायला हवं होतं, असं वाटल्यावाचून राहत नाही.) मग फळाची साल, पाला, दूध, जे हाताशी येईल ते ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात) गेलं. खर्च जवळपास शून्य, गर्दी तर होणारच.

खरा गुंता इथेच आहे. अतिनील दिव्याखाली निळं दिसलं की डॉट तयार झाले, असं समजायची सवय लागली. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमाइन (नायट्रोजन असलेलं एक अमाइन) तापवून २०१३ मध्ये ८० टक्क्यांच्या आसपास क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातून परत मिळणाऱ्या उजेडाचं प्रमाण, नोंदवलं गेलं. दोनच वर्षांत दिसलं की त्यातला बराचसा उजेड कणांचा नसून त्याच भांड्यात बनलेल्या एका लहान सेंद्रिय रेणूचा आहे. असे रेणू डायलिसिसच्या, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या, पाण्यात ठेवलेल्या पिशवीतून बाहेर निघून जातात, कण आत राहतात. त्यामुळे आतलं आणि बाहेरचं, दोन्ही पाणी तपासायला हवं. अनेक जुन्या निबंधांत डायलिसिस तोकडं आहे, काहींत नाहीच. संत्र्यातही सायट्रिक आम्ल असतं, तेव्हा नायट्रोजनसाठी रसात अमाइन घालणाऱ्यांनी ही शंका आधी फेडावी.

कार्बन डॉट वापरून पाण्यातलं लोह ओळखणाऱ्या ‘सेन्सर’चंही तसंच. फेरिक लोह टाकलं की चमक मंदावते, पण लोह स्वतःच अतिनील प्रकाश शोषतं. डॉटपर्यंत प्रकाशच कमी पोचला, तर मंदावण्यात रासायनिक ओळख कुठली? हे शोषण वजा केल्याशिवाय विहिरीच्या पाण्याचे आकडे मांडू नयेत.