पोत्यातलं लोह रक्तापर्यंत कसं पोचतं?

पिठावरून चुंबक फिरवायचा, त्याला चिकटलेले काळे कण कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि ‘गरिबांच्या अन्नात लोखंडाचा कीस मिसळतात’ म्हणून बोंब ठोकायची. असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. दिसणारे कण खरे असतात, निष्कर्ष मात्र खोटा. काही धान्यपदार्थांत धातुरूप लोहाची अतिशय बारीक, खाद्य प्रतीची भुकटी मुद्दाम घातलेली असते. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ती विरघळते आणि मगच तिचा शरीराला उपयोग होतो. आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळा आहे: ही भुकटी बऱ्याचदा पुरेशी विरघळतच नाही. घाबरवणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट माहीत नसते.

पण मुळात मदतीच्या अन्नात असं काही घालावं का लागतं? कारण निर्वासितांच्या छावणीत मिळणारा शिधा हाच अनेकदा माणसाचा सगळा आहार असतो. त्यात जे नाही ते दुसरीकडून मिळण्याची सोय नसते. १९९० साली मलावीत आश्रय घेतलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांमध्ये पेलाग्रा हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार पसरला. रुग्णांची संख्या अठरा हजारांच्या वर गेली. शिधा मुख्यतः मक्याचा होता. मक्यात नायसिन असतं, पण बहुतांशी अशा बांधलेल्या रूपात, की आतड्याला ते सुटं करता येत नाही. तोवर ती उणीव भुईमुगाचे दाणे भरून काढत होते. दाण्यांचा पुरवठा तुटला आणि उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर, खरखरीत चट्टे उठू लागले. पोटात धान्य जात होतं आणि तरीही माणसं आजारी पडत होती.

नायसिन पिठात मिसळणं सोपं, ते शिजवल्यावरही टिकतं. ‘अ’ जीवनसत्त्व उजेडाने आणि हवेने खराब होतं, म्हणून तेलात घालून बंद डब्यात पाठवतात. मिठात आयोडीन घालणं तर आता सगळीकडे रुळलं आहे. खरी परीक्षा घेतं ते लोह.

फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार. ते स्वस्त असतं, पाण्यात चटकन विरघळतं आणि चांगलं शोषलं जातं. मग तेच का घालू नये? मदतीचं पीठ जहाजात आणि गोदामात महिनोन्‌महिने उकाड्यात पडून राहतं. सुटे झालेले लोहाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतात आणि मका-सोयाबीनचं मिश्रण खवट होतं. खवट लापशी लहान मूल तोंडात घेत नाही. न खाल्लेल्या लापशीतल्या लोहाचा कुणाला उपयोग?

याहून मोठा अडथळा खुद्द धान्यातच आहे. बीज आपला फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. सहा कार्बनचं एक कडं आणि त्याच्या प्रत्येक कार्बनला एक याप्रमाणे सहा फॉस्फेट गट, अशी त्याची रचना. अन्न जठरातून लहान आतड्यात आलं, की तिथली आम्लता कमी होते. फॉस्फेट गटांवरचा ऋणभार वाढतो आणि ते लोह व जस्ताचे धनभारित आयन घट्ट धरून ठेवतात. अशी जोडी विरघळत नाही, सरळ शौचावाटे बाहेर पडते. हे बंधन तोडणारं फायटेज हे विकर आपल्या आतड्यात नगण्य असतं. अंकुरणाऱ्या बीजात मात्र ते भरपूर तयार होतं.

यावर शोधलेली युक्ती मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. लोह एकटं पाठवायचंच नाही, ईडीटीए नावाच्या रेणूच्या मिठीत पाठवायचं. जठराच्या तीव्र आम्लातही ईडीटीए लोहाला सोडत नाही, त्यामुळे फायटिक आम्लाच्या हाती ते लागत नाही. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आम्लता उतरते, तशी ही पकड सैल होते. मोकळं झालेलं लोह आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर एक इलेक्ट्रॉन घेऊन फेरिक रूपातून फेरस रूपात जातं आणि डीएमटी-१ या वाहक प्रथिनामार्फत आत शिरतं. बहुतेक सगळं ईडीटीए तसंच बाहेर टाकलं जातं. फायटिक आम्ल भरपूर असलेल्या जेवणातून या रूपातलं लोह फेरस सल्फेटच्या साधारण दुप्पट ते तिप्पट शोषलं जातं.

मग सगळं लोह याच रूपात का देत नाहीत? ईडीटीएच्या रोजच्या सेवनाला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने मर्यादा घातली आहे: शरीराच्या दर किलो वजनामागे १.९ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला म्हणजे सुमारे १५ मिलिग्रॅम. आता हिशेब करा. लोहाच्या एका अणूमागे ईडीटीएचा एक रेणू लागतो, म्हणून २.५ मिलिग्रॅम लोहाबरोबर सुमारे १३ मिलिग्रॅम ईडीटीए येतं. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पोषणमिश्रित पिठात दर १०० ग्रॅममागे या रूपातलं लोह २.५ मिलिग्रॅमच ठेवतात आणि त्याला फेरस फ्युमरेट या लोहाच्या दुसऱ्या क्षारातल्या ४ मिलिग्रॅम लोहाची जोड देतात. फ्युमरेट पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून पीठ लवकर खवट होत नाही, पण जठराच्या आम्लात ते विरघळतं.

लोह जास्त घातलं की जास्त भलं होईल, हा समजही धोक्याचा आहे. टांझानियातल्या पेम्बा बेटावर मलेरियाचा प्रादुर्भाव मोठा. तिथल्या लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळ्या मिळालेल्या मुलांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू जास्त आढळले होते. शिवाय संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं आणि आतड्याच्या पेशींतून रक्तात जाणारी लोहाची वाट बंद होते. अशा वेळी तापाने फणफणलेल्या मुलाच्या वाटीत कितीही उत्तम लोह घातलं, तरी त्यातलं फार थोडं रक्तापर्यंत जातं. म्हणून मलेरियाच्या प्रदेशात मुलांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, तर मलेरियाला आळा घालण्याची आणि उपचाराची सोय त्यांच्या जोडीनेच हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.