क्षेत्रवार परतावा: मोजणी कुठून सुरू करायची?

'गेल्या पाच वर्षांत कोणते क्षेत्र पुढे?' या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर नाही. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के कोसळला. त्या दिवसापासून तीन वर्षे मोजली तर निफ्टीचा, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा, धातू निर्देशांक तिपटीहून जास्त वाढलेला दिसतो. रिअल्टीची, म्हणजे घरबांधणी-मालमत्ता क्षेत्राची, गोष्ट उलटी आहे. हा निर्देशांक डिसेंबर 2006 अखेरचा आकडा 1000 धरून बांधला, म्हणजे ऐन तेजीत. पुढे तो इतका घसरला की 1000 च्या वर परतायला 2024 उजाडले. 2020 पासून मोजणाऱ्याला मात्र हेच क्षेत्र पहिल्या रांगेत दिसते. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात भाव सांगताना हंगामही सांगतात, शेअरच्या तक्त्यात तो रिवाज नाही.

जुने आकडे जोडतानाही सावध राहावे लागते. आयटी निर्देशांकाचा पाया 1996 मध्ये 1000 होता, तो मे 2004 मध्ये 100 केला गेला. हे ठाऊक नसेल तर आयटी एका रात्रीत 90 टक्के बुडाल्यासारखे वाटते. अर्थात, 2000 साली आयटीच्या शिखरावर पैसे घातलेल्यांना बुडण्यासाठी अशा कागदी बदलाची गरज पडली नव्हती.

खरा वाद आहे तो लाभांशाचा, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते त्या रकमेचा. वर्षानुवर्षे म्युच्युअल फंड आपली तुलना नुसत्या किमतीच्या निर्देशांकाशी करत. फंडाच्या परताव्यात लाभांश धरलेला आणि निर्देशांकात वगळलेला, त्यामुळे फंड हुशार दिसे. फेब्रुवारी 2018 पासून बाजाराच्या नियामकाने, सेबीने, एकूण परताव्याचा, म्हणजे लाभांश पुन्हा गुंतवला असे मानणारा निर्देशांक वापरणे बंधनकारक केले. निर्णय योग्यच होता, पण तो फंडांपुरता. क्षेत्रवार तुलनेचे बहुतेक तक्ते आजही किमतीवरच चालतात. निफ्टीचा लाभांश वर्षाला साधारण सव्वा ते दीड टक्का, त्यामुळे एका वर्षात फरक जाणवत नाही, पंधरा वर्षांत चांगलाच जाणवतो. तोही सगळ्यांना सारखा नसतो. भरघोस लाभांश वाटणाऱ्या तेल, कोळसा, वीज या सरकारी कंपन्या नुसत्या किमतीच्या तक्त्यात मागे पडतात, रिअल्टीचे फारसे बिघडत नाही.

उलट बाजूचा आक्षेपही हलका नाही. खात्यावर आलेला तीनशे रुपयांचा लाभांश त्याच दिवशी त्याच शेअरांत कोण घालतो? शिवाय एप्रिल 2020 पासून लाभांशावरचा कर गुंतवणूकदाराकडून घेतला जातो, आणि एकूण परताव्याच्या आकड्यात तो कापलेला नसतो. म्हणजे एक तक्ता कमी सांगतो, दुसरा थोडे जास्त. माझा कल दुसऱ्याकडे, कारण त्यातली चूक निदान सगळ्या क्षेत्रांत एकाच दिशेची असते.

बँकांचा निर्देशांक 2000 च्या आरंभी 1000 होता, 2024 मध्ये 50 हजारांवर गेला. आपल्या भागात हा आकडा जरा बेताने ऐकावा. साताऱ्यात मुख्यालय असलेली 1936 सालची एक बँक सप्टेंबर 2006 मध्ये निर्बंधांखाली आली आणि महिन्याभरात दुसऱ्या बँकेत विलीन झाली, भागधारकांना शेअरमागे 28 रुपये मिळाले. सांगलीची 1916 सालची बँक पुढच्याच वर्षी एका मोठ्या खासगी बँकेत गेली. पन्नासपटीचा आकडा टिकलेल्या, मोठ्या बँकांचा आहे. निर्देशांकात वेळोवेळी कंपन्या बदलतात, मागे पडलेल्या बाहेर जातात.

आता एकाच तारखेऐवजी सरकत्या कालावधीचा परतावा पाहायची पद्धत रुळते आहे: शक्य त्या प्रत्येक दिवसापासून पाच वर्षे मोजायची आणि मधला आकडा घ्यायचा. त्याने मार्च 2020 चा जोर ओसरतो. मात्र निर्देशांकाचे आकडे फार्माचे 2001 पासून, वाहन आणि धातूचे 2004 पासून, रिअल्टीचे 2006 अखेरपासून आहेत, त्यामुळे सगळ्यांची एकत्र तुलना 2007 च्या मागे जात नाही, आणि आयटीचा 2000 चा फुगा तक्त्याबाहेरच राहतो.