‘थीम्स’ : सात वर्षं दुकानात न मिळालेलं संगीत

कारकिर्दीचा आढावा घेणारा संग्रह म्हटलं की आपण थोडं सावध होतो. घरात असलेलीच गाणी नव्या वेष्टनात, कुठे एखादं जास्तीचं गाणं तोंडी लावायला. १९८९ साली पॉलिडॉर कंपनीने काढलेला ग्रीक संगीतकार व्हँगेलिसचा ‘थीम्स’ हा अल्बम दिसायला याच जातीचा. पण चाहत्यांनी तो धावत जाऊन घेतला याचं कारण नेमकं उलटं होतं. त्यातले काही तुकडे त्यांनी चित्रपटगृहात ऐकले होते, व्हिडिओ कॅसेट मागेपुढे करून पुन्हा पुन्हा ऐकले होते, आणि पैसे मोजूनही ते विकत मिळत नव्हते. ‘ब्लेड रनर’च्या शेवटच्या श्रेयनामावलीचं संगीत, त्याच चित्रपटाची प्रेमधून, ‘मिसिंग’ची मुख्य धून, ‘द बाउंटी’चं सुरुवातीचं आणि शेवटचं संगीत. हे सगळं मूळ वादकाच्या हातचं असं पहिल्यांदा इथे एकत्र आलं.

हे असं का घडलं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

व्हँगेलिसचं पूर्ण नाव एव्हांगेलोस ओडिसेस पापाथानासिऊ. जन्म २९ मार्च १९४३, ग्रीसमधल्या व्होलोस शहराजवळच्या आग्रिया गावी. पियानोशी मैत्री लहानपणीच झाली, पण नोटेशन वाचायला-लिहायला तो शिकला नाही, पुढे आयुष्यभरही नाही. साठच्या दशकात अथेन्समध्ये ‘फॉर्मिंक्स’ नावाच्या बँडमध्ये वाजवलं. १९६७ साली ग्रीसमध्ये लष्करी राजवट आली. पुढच्या वर्षी तो, डेमिस रूसोस आणि लुकास सिडेरास लंडन गाठायला निघाले आणि पॅरिसमध्येच अडकले. ते दिवस फ्रान्समधल्या विद्यार्थी आंदोलनाचे. अडकलेल्या या ग्रीक पोरांनी तिथेच ‘ॲफ्रोडाइट्स चाइल्ड’ या नावाने ‘रेन अँड टिअर्स’ हे गाणं केलं. पाखेलबेलच्या जुन्या ‘कॅनन’वर बेतलेलं हे गाणं फ्रान्समध्ये तुफान चाललं. बँड मात्र फार टिकला नाही. ‘६६६’ हा त्यांचा शेवटचा, महत्त्वाकांक्षी अल्बम १९७२ मध्ये बाजारात आला तेव्हा मंडळी पांगलेली होती.

पॅरिसने व्हँगेलिसला दुसरी एक गोष्ट दिली, आणि माझ्या मते तीच पुढच्या सगळ्याची मुळाक्षरं. फ्रेडरिक रोसिफ हा माहितीपट करणारा दिग्दर्शक प्राण्यांवर एक दूरदर्शन मालिका करत होता. तिचं संगीत व्हँगेलिसने केलं आणि ते १९७३ मध्ये ‘लापोकॅलिप्स देझानिमो’ या नावाने अल्बम म्हणून आलं. त्यातली ‘ला पेतित फीय द ला मेर’, म्हणजे ‘समुद्राची छोटी मुलगी’, ही धून ऐकून पाहा. गाणं नाही, ठेका जवळपास नाही, घाई तर नाहीच. ‘अँबियंट’, म्हणजे वातावरणासारखं मागे रेंगाळणारं संगीत, हा शब्द ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने अल्बमच्या नावात घातला तो १९७८ साली. पण पडद्यावरच्या जनावरांसाठी वाजवताना व्हँगेलिस त्या मुक्कामाला आधीच पोचला होता. सोळा वर्षांनी ‘थीम्स’मध्ये ही चिमुकली धून मोठ्या चित्रपटांच्या पंगतीत बसली आणि कुठेही उपरी वाटली नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो लंडनला गेला. ‘यस’ या ब्रिटिश रॉक बँडने आपल्या रिक वेकमन या कीबोर्डवादकाच्या जागी त्याला घ्यायचा विचार केला होता, ते जमलं नाही. मार्बल आर्चजवळ त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला. नाव ‘नेमो’. पुढची दहाबारा वर्षं त्याची सगळी मोठी कामं तिथलीच. याच काळात आरसीए कंपनीसाठी ‘हेवन अँड हेल’, ‘अल्बीडो ०.३९’, ‘स्पायरल’ हे अल्बम झाले. कार्ल सेगनच्या १९८० च्या ‘कॉसमॉस’ मालिकेची सुरुवात ज्या सुरांनी होते ते ‘हेवन अँड हेल’मधलेच. आता गंमत अशी, की यातली एकही धून ‘थीम्स’मध्ये नाही. कलाकाराचा प्रवास दाखवणाऱ्या संग्रहातून एक अख्खं पर्व गायब! उत्तर साधं आहे: त्या टेप आरसीएच्या मालकीच्या, आणि संग्रह काढणारी कंपनी पॉलिडॉर. आढावा घेणारे अल्बम ऐकताना हे विसरायला होतं. निवड रसिकतेने होते हे खरं, पण त्याआधी ती कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत यावर ठरलेली असते.

नेमोमधल्या कामाची पद्धत आपल्याकडच्या मैफलीच्या श्रोत्याला फारशी परकी वाटू नये. समोर दृश्य चालू, हाताखाली चारी बाजूंनी सिंथेसायझर, पायाखाली पेडल, आणि टेप फिरते आहे. दृश्य बघताबघता जे सुचेल ते तिथेच वाजवायचं. पहिल्या फटक्यात आलेलं पुष्कळदा तसंच ठेवायचं. आपण ज्याला उपज म्हणतो तीच ही गोष्ट. आधी लिहून, मोजून-मापून मग वाद्यवृंदाकडे देण्याच्या हॉलिवूडच्या रिवाजाशी याचा काही संबंध नव्हता.

त्याचं लाडकं वाद्य होतं यामाहाचं सीएस-८० हे सिंथेसायझर. एका माणसाला उचलता येणार नाही इतकं जड, तापमान बदललं की स्वर हलणारं, दुरुस्तीला कटकटीचं. पण त्याच्या पट्ट्या बोटाचा दाब ओळखत. तोही प्रत्येक पट्टीचा वेगळा. एका बोटाने जरा जोर दिला तर तेवढाच स्वर उजळायचा किंवा आंदोलित व्हायचा. शिवाय पट्ट्यांच्या वर एक लांब फीत होती. तिच्यावरून बोट फिरवलं की सूर घसरत दुसऱ्या सुरावर जायचा. हार्मोनियमवाल्यांना जी मींड मिळत नाही, ती या यंत्रात होती. ‘ब्लेड रनर’मधले ते रडवेले, पितळी वाद्यांसारखे सूर ऐकताना यंत्र वाजतंय असं वाटत नाही, याचं बरंचसं श्रेय या दाबाला आणि त्या फितीला. उरलेलं श्रेय लेक्सिकॉन २२४ या डिजिटल रिव्हर्बला, म्हणजे सुरांना घुमवणाऱ्या यंत्राला, ज्याने प्रत्येक सुरामागे ओल्या, रिकाम्या शहराचा घुमारा जोडला.

‘चॅरियट्स ऑफ फायर’ची कथा अनेकांना ठाऊक आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. चित्रपट १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंचा. अशा ऐतिहासिक पटाला त्या काळी वाद्यवृंद हवा हे गृहीत असे. दिग्दर्शक ह्यू हडसनला समुद्रकाठच्या धावण्याच्या दृश्यासाठी व्हँगेलिसचीच एक जुनी धून हवी होती: रोसिफच्याच ‘ओपेरा सोव्हाज’ या मालिकेसाठी केलेली ‘लांफां’. व्हँगेलिस म्हणाला, याहून चांगलं देतो. आणि दिलं. आज कुणी मुद्दाम संथ गतीत धावायची नक्कल केली की तोंडाने जी धून वाजवतो ती हीच. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगमध्येही ती चुकत नाही. मागे पडलेली ‘लांफां’ मग पीटर वियरने ‘द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली’ या चित्रपटात वापरली. ‘थीम्स’मध्ये निवडलेली आणि नाकारलेली अशा दोन्ही धुना आहेत. आणि खरं सांगायचं तर पुन्हापुन्हा ऐकावीशी वाटते ती नाकारलेली.

२९ मार्च १९८२ रोजी या संगीताला ऑस्कर मिळालं. त्या दिवशी व्हँगेलिसचा एकोणचाळिसावा वाढदिवस होता आणि तो समारंभाला हजर नव्हता. मे महिन्यात ती धून अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, तीही शब्दांशिवाय. यशामागोमाग कोर्टही आलं: ही चाल आपल्या गाण्यावरून उचलली असा दावा एका ग्रीक संगीतकाराच्या बाजूने लंडनच्या उच्च न्यायालयात झाला. १९८७ मध्ये निकाल व्हँगेलिसच्या बाजूने लागला.

त्या १९८२ या एकाच वर्षात ‘मिसिंग’ आणि ‘ब्लेड रनर’ दोन्ही आले. ‘मिसिंग’ कोस्ता-गाव्रासचा, चिलीमधल्या लष्करी उठावात बेपत्ता झालेल्या अमेरिकन तरुणाचा शोध. जन्माने ग्रीक असलेला दिग्दर्शक आणि लष्करशाहीच्या काळात देश सोडलेला ग्रीक संगीतकार. त्या साध्या पियानोच्या धुनेत जी काही हळहळ आहे ती उसनी नव्हती. चित्रपटाला कान महोत्सवात ‘योल’ या चित्रपटासोबत विभागून सर्वोच्च पुरस्कार मिळाला. संगीताची तबकडी मात्र निघाली नाही.

‘ब्लेड रनर’चा प्रकार तर आणखी विचित्र. रिडली स्कॉटच्या या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं की संगीताचा अल्बम पॉलिडॉरकडे उपलब्ध आहे. लोक दुकानात गेले. अल्बम नव्हता. त्याऐवजी त्याच वर्षी ‘न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्रा’ या नावाने एक तबकडी आली, ज्यात तेच संगीत दुसऱ्या वादकांनी वाजवलेलं होतं. स्वर तेच, पण ज्या दाबासाठी, ज्या घुमाऱ्यासाठी माणसं वेडी झाली होती ते नेमकं त्यात नव्हतं. दुसऱ्या गायकाने हुबेहूब गायलेली गाणी असलेल्या स्वस्त कॅसेट ज्यांनी फसून विकत घेतल्या आहेत, त्यांना ही निराशा समजावून सांगायची गरज नाही. अस्सल संगीतातला एकच तुकडा तेवढा आधीपासून मिळत होता. ‘मेमरीज ऑफ ग्रीन’ व्हँगेलिसने १९८० च्या ‘सी यू लेटर’ या अल्बमसाठी केलं होतं, चित्रपटाने ते नंतर घेतलं: जरासा बेसूर पियानो आणि त्याच्यामागे हातातल्या इलेक्ट्रॉनिक खेळण्याची बीपबीप.

१९८३ साली जपानच्या कोरेयोशी कुराहारा यांचा ‘अंटार्क्टिका’, १९८४ साली ‘द बाउंटी’. मग १९८७ मध्ये नेमो बंद झाला. पुढच्या वर्षी ‘डायरेक्ट’ हा नवा अल्बम आला तो अरिस्टा कंपनीकडून. म्हणजे ‘थीम्स’ निघाला तेव्हा व्हँगेलिस पॉलिडॉर सोडून गेलेला होता, स्टुडिओला कुलूप लागलं होतं, आणि जुन्या कंपनीच्या कपाटात ऐंशीच्या दशकातलं सोनं पडून होतं.

अल्बम उघडतो तोच ‘ब्लेड रनर’च्या शेवटच्या श्रेयनामावलीने. म्हणजे चित्रपट जिथे संपतो तिथून! सात वर्षं ताटकळलेल्या माणसाला पहिल्याच घासात हवं ते वाढलं आहे. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ ही सर्वांत नावाजलेली धून शेवटाला ठेवली. मध्ये ‘चायना’ या १९७९ च्या अल्बममधल्या ‘चुंग कुओ’ आणि ‘द ताओ ऑफ लव्ह’ अशा दोन रचना आहेत, ज्यांच्यामागे कुठलाच चित्रपट नाही. तरी त्या सरमिसळून जातात. प्रेमधुनेत सॅक्सोफोन वाजवणारा डिक मॉरिसी हा ब्रिटिश जॅझवादक; यंत्रांच्या त्या धुक्यात माणसाचा श्वास ऐकू येतो तो त्याचा.

नंतर असे संग्रह आणखी निघाले: १९९६ मध्ये ‘पोर्ट्रेट्स’, २००३ मध्ये ‘ओडिसी’. ते जास्त सर्वसमावेशक आहेत, पण त्यांची वाट बघत कुणी थांबलेलं नव्हतं. ‘ब्लेड रनर’चा अधिकृत अल्बम शेवटी १९९४ मध्ये ईस्ट वेस्ट कंपनीने काढला, त्यात संवादही मिसळलेले. २००७ मध्ये चित्रपटाला पंचवीस वर्षं झाल्यावर तीन सीडींचा संच आला. ‘मिसिंग’ आणि ‘द बाउंटी’ यांच्या वाट्याला तेही आलं नाही. १७ मे २०२२ रोजी व्हँगेलिस पॅरिसमध्ये गेला, तोवर या दोन चित्रपटांचे स्वतंत्र अल्बम निघालेले नव्हते. त्यांच्यासाठी लोक अजूनही १९८९ चीच तबकडी शोधतात.