मशीन आतून डिसइन्फेक्ट झालं म्हणजे बेड तयार झाला असं नाही

डायलिसिस युनिटमध्ये दोन शिफ्टच्या मधे विचारा, मशीन क्लीन झालं का, तर उत्तर येतं "हो, डिसइन्फेक्शन झालंय, स्क्रीनवर बघा ना". आणि नवीन स्टाफ हे ऐकून लगेच पुढच्या पेशंटची लाईन प्राईम करायला, म्हणजे रक्ताच्या नळ्या सलाईनने भरून हवा काढायला घेतो. घोळ इथंच होतो. स्क्रीनवर दिसतं ते मशीनच्या आतलं डिसइन्फेक्शन, बाहेरून पुसायचं काम पूर्ण वेगळं, आणि दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो म्हणून एक झालं की दुसरंही झालंच असं डोक्यात बसतं.

आधी आतलं. मशीनच्या पोटातून रक्त जात नाही, ही गोष्ट बऱ्याच नातेवाइकांना माहीत नसते. रक्त फिरतं ते ब्लडलाईन (रक्ताच्या नळ्या) आणि डायलायझरमधून (रक्त गाळणारा फिल्टर). मशीनच्या आतून जातं ते डायलायसेट, म्हणजे रक्तातली घाण ओढून घेणारं द्रावण, मिनिटाला ५०० मिली धरलं तर चार तासात १२० लिटर. एवढं पाणी, वर बायकार्बोनेट, त्यात जंतू आरामात वाढतात, नळ्यांना आतून बायोफिल्मचा चिकट थर धरतो आणि जंतू डायलायझरच्या पडद्याआड अडकले तरी एंडोटॉक्सिनचे (जंतूंच्या आवरणातलं विष) तुकडे पलीकडे रक्तात जाऊ शकतात. मग चांगला गप्पा मारत बसलेला पेशंट अचानक थंडीने कुडकुडायला लागतो, ताप चढतो. हे टाळायला हीट (गरम पाणी फिरवणं), सायट्रिक ॲसिड, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच). सायट्रिक खार काढतं, हायपो प्रोटीन आणि चिकटा काढतं, आणि ही दोन कधीही एकत्र येऊ द्यायची नाहीत, क्लोरीन वायू निघतो, म्हणून मधे नीट रिन्स हवाच.

आता बाहेरचं, आणि माझ्या मते जास्त हलगर्जी इथंच होते. इथे धोका पाण्यातल्या जंतूंचा नाही, आधीच्या पेशंटच्या रक्ताचा. सुई काढताना उडालेला थेंब, तोच ग्लोव्ह घालून दाबलेलं स्क्रीनवरचं बटण, बीपीचा कफ, खुर्चीचा हात, प्रायमिंगची बादली. हिपॅटायटिस बी चा व्हायरस कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहतो आणि त्यासाठी डोळ्याला रक्त दिसायलाच हवं असं नाही. हिपॅटायटिस सी सुद्धा युनिटमध्ये एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः असाच, हातांवरून, पृष्ठभागावरून, नाहीतर एकाच व्हायलमधून अनेकांना औषध काढल्यामुळे. मशीन कितीही वेळा हीटला टाका, खुर्चीच्या हातावरचा व्हायरस तिथेच राहणार.

नळी दाबून बंद करायचा क्लॅम्प एकदा हातात घेऊन पूर्ण उघडून बघा. वरून चकचकीत, पण बिजागरीत तपकिरी ठिपका वाळलेला दिसतो कधीकधी. वरवर फडका फिरवून तो जात नाही. आधी घाण काढायची, मग डिसइन्फेक्टंट लावायचं, आणि लेबलवर जितका कॉन्टॅक्ट टाईम लिहिलाय तितका वेळ पृष्ठभाग ओलाच राहिला पाहिजे, फवारून लगेच कोरडं पुसलं तर काम झालंच नाही. साधं घरगुती ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर रोजच्या पुसण्याला १०० ला १, रक्त सांडलं असेल तर १० ला १. आणि हे सगळं पेशंट खुर्चीवरून उठून गेल्यावर, तो बसलेला असताना आजूबाजूने पुसून नाही! पुढच्याला घाई असते, बाहेर रांग असते, सगळं मान्य, तरी पण.

मग दोन पेशंटच्या मधे आतलं करावंच लागतं का? सीडीसी या अमेरिकेच्या आरोग्य संस्थेच्या २००१ च्या शिफारशी बघितल्या तर सिंगल-पास मशीनला (डायलायसेट एकदाच वापरून टाकून देणारं) दर पेशंटनंतर आतून करायची सक्ती नाही, दिवसाच्या सुरुवातीला किंवा शेवटी चालतं, फक्त ब्लड लीक झालं असेल, म्हणजे डायलायझरचा पडदा फाटून रक्त डायलायसेटमध्ये गेलं असेल तर पुढच्या पेशंटआधी करायलाच हवं. युनिटचा किंवा मशीन कंपनीचा नियम याहून कडक असेल तर अर्थातच तो पाळायचा. बाहेरून पुसायला मात्र सूट नाही, प्रत्येक पेशंटनंतर, प्रत्येक वेळी.

या दोन्हीच्या सीमेवर एक बारकी गोष्ट बसलीय, ट्रान्सड्यूसर प्रोटेक्टर. प्रेशरच्या नळीच्या टोकाला असतो, छोटी गोल चकती, आत पांढरा फिल्टर. तो रक्ताने भिजला तर तिथल्या तिथे बदलायचा आणि मशीनकडची बाजू लालसर झालीय का ते बघायचं. झाली असेल तर रक्त मशीनमध्ये शिरलं असू शकतं, म्हणजे नुसतं बाहेरून पुसून भागणार नाही आणि नेहमीचा हीटचा प्रोग्रॅम लावूनही नाही, कारण तो डायलायसेटच्या वाटेने फिरतो, प्रेशरच्या वाटेने नाही. मग ते मशीन ट्रीटमेंट संपल्यावर बाजूला काढायचं, टेक्निशियनने उघडून मशीनच्या आत असतो तो दुसरा प्रोटेक्टर तपासायचा आणि तोवर पुढचा पेशंट त्याला लावायचा नाही.