त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात नेमकी कशी होते?

उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, हे आता बहुतेकांनी ऐकलेले असते. तो कसा होतो असे विचारले, तर मात्र ‘उष्णतेने त्वचा भाजते आणि वारंवार भाजली की बिघडते’ असे उत्तर हमखास मिळते. हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्यामुळेच थंड हवेत किंवा उंच बर्फाळ डोंगरांवर माणसे उन्हाबाबत निर्धास्त राहतात. आपल्याला जाणवणारी उन्हाची ऊब मुख्यतः दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण यांच्यामुळे असते. कर्करोगाचा आरंभ करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि पडताना त्वचेला जाणवतही नाहीत. शिवाय पेशीमध्ये ते जी गडबड करतात, तिला तापमान वाढण्याची गरजच नसते.

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पाडले जातात : 315 ते 400 नॅनोमीटरचे यूव्हीए, 280 ते 315 नॅनोमीटरचे यूव्हीबी आणि त्याहून आखूड यूव्हीसी. यूव्हीसी वातावरणातच अडतात, यूव्हीबीचा बराच मोठा भाग ओझोन शोषून घेतो आणि जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील प्रारणात सुमारे 95 टक्के वाटा यूव्हीएचा असतो. यूव्हीए त्वचेत अधिक खोल शिरतात आणि बरेचसे नुकसान क्रियाशील ऑक्सिजन रेणूंच्या मार्फत करतात. थेट डीएनएवर आघात करण्याच्या बाबतीत मात्र संख्येने थोडे असलेले यूव्हीबीच पुढे असतात, कारण डीएनएचे घटक शोषू शकतील एवढी ऊर्जा त्यांच्या फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणांमध्ये, असते. ही ऊर्जा सुमारे चार इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. मोबाइल फोनच्या लहरींतील फोटॉनची ऊर्जा याच्या काही दशलक्षांश असते. तरीही ‘रेडिएशन’ या शब्दाने घाबरून फोनला स्टिकर चिकटवणारी मंडळी भर दुपारी उघड्या अंगाने ऊन घेत पडून राहतात, हे पाहिले की भीतीचा हिशेब बहुधा उलटाच मांडला जातो असे वाटते.

डीएनएच्या साखळीत ॲडेनिन, ग्वानिन, थायमिन आणि सायटोसिन हे चार घटक असतात. समोरासमोरच्या दोन साखळ्यांत ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन येते, असा नियम आहे. या चौघांपैकी थायमिन आणि सायटोसिन हे दोन एका कुळातले आहेत. या कुळातील दोन घटक शेजारी शेजारी असताना त्यांपैकी एकाने यूव्हीबीचा फोटॉन शोषला, तर क्वचित प्रसंगी ते दोघे परस्परांशी बंधाने जोडले जातात. विणीतले शेजारचे दोन टाके एकमेकांत अडकून तेथे गाठ बसावी, तसे डीएनएचे होते. या जोडीला डायमर म्हणतात. ही रासायनिक क्रिया एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात उरकते. तीव्र उन्हातील एका तासात उघड्या त्वचेच्या एकेका पेशीत अशा जखमांची संख्या लाखाच्या घरात जाऊ शकते, असा अंदाज आहे.

एवढ्या जखमा होऊनही आपण टिकून आहोत, ते दुरुस्तीच्या यंत्रणेमुळे. काही प्रथिने डायमरची जागा शोधतात, त्याच्या दोन्ही बाजूंना साखळी कापतात, सुमारे 30 घटकांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरच्या निरोगी साखळीवरून तो पुन्हा भरतात. या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या अझीझ संजार यांना 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिचे महत्त्व मात्र त्याआधीच एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने दाखवून दिले होते. झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराच्या रुग्णांना बालपणातच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. त्यांच्या पेशी डीएनएवरील अतिनील जखमा दुरुस्त करू शकत नाहीत, हे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये सिद्ध केले.

येथून पुढचा भाग थोडा किचकट आहे, पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच. डायमर म्हणजे उत्परिवर्तन, म्हणजेच डीएनएच्या मजकुरातील कायमचा बदल, नव्हे. ती केवळ जखम आहे, आणि दुरुस्तीपूर्वीच पेशी विभागू लागली तरच तिचे उत्परिवर्तनात रूपांतर होऊ शकते. डीएनएची नक्कल करणारे नेहमीचे विकर (एन्झाइम) डायमरपाशी अडते, तेव्हा ‘पॉलिमरेज ईटा’ नावाचे दुसरे विकर पुढे येते आणि दोन थायमिनांच्या डायमरसमोर बिनचूक दोन ॲडेनिन बसवते. म्हणजे विपुल प्रमाणात होणारा थायमिन-थायमिन डायमर बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो! खरा धोका सायटोसिन असलेल्या डायमरमध्ये असतो. डायमरमध्ये अडकलेले सायटोसिन अस्थिर होते आणि काही तासांत किंवा दिवसांत त्याचा अमिनो गट निघून जाऊन त्याचे युरॅसिल बनते, ज्याची जोडी थायमिनप्रमाणेच ॲडेनिनशी जमते. ईटा विकर आपले काम चोख करते आणि युरॅसिलसमोर ॲडेनिन बसवते. पण मूळ घटक सायटोसिन असल्याने तेथे ग्वानिन यायला हवे होते. पुढच्या नकलेत त्या ॲडेनिनसमोर थायमिन येते आणि सायटोसिनच्या जागी थायमिन कायमचे रुजते. विकराने नियम पाळला, तरी मजकूर बदलला. कधी कधी तर शेजारचे दोन्ही सायटोसिन एकदमच बदलतात. असा जोडबदल इतर कारणांनी क्वचितच होतो, त्यामुळे तो अतिनील किरणांची स्वाक्षरी मानला जातो. डग्लस ब्रॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1991 मध्ये स्क्वेमस पेशींच्या (त्वचेच्या वरच्या थरांतील चपट्या पेशींच्या) त्वचाकर्करोगात, पी53 या जनुकामध्ये, हीच स्वाक्षरी सापडली.

पी53 चे प्रथिन पेशीतील नुकसानीचा अंदाज घेते आणि ते आवाक्याबाहेर गेले असेल तर पेशीला आत्मनाश करायला लावते. कडक उन्हानंतर त्वचेची सालपटे निघतात, त्यांत असा आत्मनाश केलेल्या पेशीही असतात. आता ज्या पेशीतील पी53 बिघडले आहे तिचा विचार करा. पुन्हा ऊन पडते, भोवतालच्या निरोगी पेशी मरतात, ही मात्र मरत नाही आणि रिकामी झालेली जागा तिची संतती व्यापते. ऊन उत्परिवर्तन घडवते आणि वर त्या उत्परिवर्तित पेशीचे शेजारीही हटवते, अशी ही दुहेरी भूमिका आहे. उंदरांवरील 2001 च्या एका अभ्यासात असे दिसले की, यूव्हीबीचा मारा चालू राहिला तर पी53 बिघडलेल्या पेशी नवे उत्परिवर्तन न होताही शेजारच्या पेशीसमूहांचा ताबा घेतात.

बिघडलेल्या पेशींचे असे समूह केवळ रुग्णांच्या त्वचेत असतात असेही नाही. 55 ते 73 वर्षे वयाच्या चार व्यक्तींच्या पापण्यांवरील, वरकरणी निरोगी त्वचेचे 234 सूक्ष्म नमुने तपासून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार तेथील 18 ते 32 टक्के पेशींमध्ये कर्करोगाला चालना देणारे एखादे तरी उत्परिवर्तन होते. त्या व्यक्तींच्या पापण्यांवर तेव्हा कर्करोग नव्हता. एकच बिघाड बहुधा पुरेसा नसतो. त्यात आणखी बिघाडांची भर पडावी लागते, आणि अतिनील किरणांमुळे त्वचेतील प्रतिकारशक्ती मंदावते, त्याचाही या पेशींना फायदा मिळतो.

‘आधी थोडे रापून घेतले की त्वचा सुरक्षित होते’ हा प्रचार या पार्श्वभूमीवर तपासून पाहावा. अतिनील किरणांनी त्वचा रापते, ती डीएनएला झालेल्या इजेच्या संकेतामुळेच, आणि तो संकेत देण्यात पी53 चा सहभाग असतो. संरक्षण मिळते ते थोडे, आणि त्याची किंमत इजेच्या रूपात आधीच मोजलेली असते. कृत्रिम अतिनील दिव्यांखाली त्वचा रापवणारी उपकरणे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये तंबाखूच्याच गटात, म्हणजे मानवात निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या गटात टाकली. नैसर्गिक दिव्याची, म्हणजे सूर्याची, नोंद त्या गटात आधीपासूनच होती.

ऊन शेजारी हटवण्याचेही काम करत असेल, तर मोठ्या वयात संरक्षण सुरू केल्यानेही फायदा व्हायला हवा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये 1992 ते 1996 या काळात सुमारे 1,600 प्रौढांवर झालेल्या चाचणीत तो दिसला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळल्या. बेसल पेशींच्या (बाह्यत्वचेच्या तळाच्या थरातील पेशींच्या) कर्करोगात मात्र त्या काळात असा फरक दिसला नाही. त्या कर्करोगात बहुधा पीटीसीएच1 नावाचे वेगळेच जनुक बिघडते, आणि रोजच्या साठत जाणाऱ्या उन्हापेक्षा बालपणातील व अधूनमधून बसणाऱ्या तीव्र उन्हाशी त्याचा संबंध अधिक असावा असे मानले जाते.